प्रत्यारोपणानंतरची सोबत

१९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक शोधनिबंध छापून आला. संयुक्त अरब अमिराती आणि ओमान इथल्या १३० मूत्रपिंडरुग्णांची ती हकिगत होती. १९८४ ते १९८८ या काळात ही माणसं मुंबईला गेली, तिथे विकतचं मूत्रपिंड बसवून घेतलं आणि परत आखातात आली. त्यांच्यातली जवळजवळ पाचातली एक व्यक्ती पहिल्या वर्षातच दगावली. काहींच्या अंगात नव्या मूत्रपिंडाबरोबर एचआयव्हीही आला.

अवयवांच्या बाजाराविरुद्धचा पुरावा म्हणून हा निबंध वाचला जातो आणि ते योग्यच आहे. १९९४ साली भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला आणि अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरली. २००८ च्या इस्तंबूल जाहीरनाम्यात जगभरच्या तज्ज्ञांनी तीच भूमिका घेतली. मला मात्र तो निबंध वाचताना आणखी काही प्रश्न पडतात. जे वाचले, ते पुढे कसे जगले? दुबईच्या किंवा मस्कतच्या घरी रात्री ताप चढला, तर तो साधा ताप आहे की शरीर अवयव नाकारतंय, हे त्यांनी कुणाला विचारलं? औषधाची पट्टी संपत आली तेव्हा कुणाचं दार ठोठावलं? आणि ज्यांनी मूत्रपिंड विकलं, त्यांची विचारपूस पुढे कुणी केली का? शस्त्रक्रियेचे कागद फायलीत राहतात. त्यानंतर कोण कुणाच्या पाठीशी उभं राहिलं, याची नोंद ठेवायची पद्धत वैद्यकाने फार उशिरा सुरू केली. प्रस्तुत पुस्तक त्या राहून गेलेल्या नोंदीसाठी आहे. अमिरातीत राहणाऱ्या मराठी प्रत्यारोपितांनी आणि त्यांच्या घरच्यांनी सांगितलेल्या अनुभवांचा हा संग्रह आहे.

या विषयात नव्याने शिरणाऱ्या वाचकाला आधी एक गोष्ट सांगायला हवी. 'ट्रान्सप्लांट झालं, सुटला एकदाचा' असं आपण सहज म्हणतो. सुटका होत नाही. एका जीवघेण्या आजाराच्या जागी दुसरी, पुष्कळच बरी पण जन्माची अवस्था येते. शरीराची प्रतिकारशक्ती नव्या अवयवाला परकाच समजते. तिला आवरायला टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन यांसारख्या गोळ्या रोज, ठरल्या वेळेला घ्याव्या लागतात. रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी कमी झाली तर अवयव धोक्यात येतो आणि वाढली तर त्याच औषधाचा त्रास मूत्रपिंडाला होतो. ग्रेपफ्रूटने ही पातळी वाढते, त्याच्याच जातीच्या पपनसानेही वाढू शकते. कोकणातून आलेल्या पाहुण्याने मायेने आणलेलं पपनस नाकारायचं कसं, हा प्रश्न डॉक्टरांच्या माहितीपत्रकात नसतो. गावाकडून आलेला काढा, नातवंडांच्या जिवंत लसी, लग्नातलं जेवण, जूनच्या उन्हात पाणी किती प्यायचं, मूत्रपिंड किती काम करतंय ते सांगणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट दर महिन्याला उघडतानाची धडधड, हे सगळं त्या आयुष्याचं रोजचं गणित आहे. ते सोडवायला डॉक्टर पुरत नाही. आधी हेच गणित सोडवलेलं माणूस लागतं.

इथे एक विसंगती आहे आणि या संग्रहातल्या बऱ्याच अनुभवांना तिचा स्पर्श झाला आहे. डायलिसिसच्या काळात माणूस एकटा नसतो. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी साधारण चार तास, तीच खोली, त्याच खुर्च्या, शेजारी तीच माणसं. कुणाला पाणी किती चालतं, कुणाचा फिस्टुला (डायलिसिससाठी हातात जोडलेली रक्तवाहिनी) बंद पडला, कुणाच्या भावाने ऐन वेळी माघार घेतली, सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. अमिरातीतल्या एका डायलिसिस कक्षात एकाच वेळी मलबारी, सुदानी, बलुची, फिलिपिनो आणि कोल्हापूरकर असू शकतात, आणि मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांचं गोत जमतं. मग एकाचं प्रत्यारोपण होतं. तो त्या खोलीतून बाहेर पडतो. संसर्गाच्या भीतीने परत भेटायला येऊ नको म्हणतात, आणि त्यालाही जावंसं वाटत नाही, कारण ज्यांना अवयव मिळाला नाही त्यांच्या नजरेला नजर देणं अवघड जातं. ज्या दिवशी शरीराला नवं बळ मिळतं, त्याच दिवशी सोबत तुटते. प्रत्यारोपितांचे गट का उभे राहतात, याचं मला पटलेलं पहिलं उत्तर हे आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो इतरत्र सहज वाचायला मिळतो. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांपैकी एकाचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवलं. भारतातला पहिला प्रयत्न १९६५ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाला आणि यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरला. एकसारख्या जुळ्याचा अवयव शरीर नाकारत नाही, पण असं जुळं भावंड सगळ्यांना नसतं. सायक्लोस्पोरिन हे औषध १९८३ च्या सुमारास सर्रास वापरात आलं आणि परक्याचा अवयवही वर्षानुवर्षं टिकू लागला. तेव्हा प्रथमच 'प्रत्यारोपित' नावाचा एक समाज जगात तयार झाला. त्याआधी अपवाद होते, आता माणसं होती, त्यांच्या नोकऱ्या होत्या, मुलंबाळं होती. त्याची चाहूल आधीच लागली होती : १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला मॉरिस स्लापाक या शल्यचिकित्सकाने प्रत्यारोपितांच्या क्रीडास्पर्धा भरवल्या आणि त्यांतून जागतिक स्पर्धांची परंपरा सुरू झाली. १९८३ मध्ये पिट्सबर्गला प्रत्यारोपितांची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. मुंबईत नर्मदा किडनी फाउंडेशनने रुग्णमेळाव्यांबरोबर अशा स्पर्धाही घेतल्या. धावण्याच्या शर्यतीत कोण जिंकतं याला फार महत्त्व नाही. पोटावर तसाच व्रण असलेली शेकडो माणसं एका मैदानावर पाहणं हे महत्त्वाचं.

या विषयाकडे पाहण्याच्या निरनिराळ्या परंपरा आहेत आणि त्या एकमेकींशी फारशा बोलत नाहीत. पहिली परंपरा आरोग्यशास्त्राची. १९७६ मध्ये जॉन कॅसल आणि सिडनी कॉब यांनी स्वतंत्रपणे मांडलं की माणसांचा आधार हा आरोग्यावर परिणाम करणारा घटक आहे. १९८१ मध्ये जेम्स हाउस यांनी आधाराचे चार प्रकार सांगितले : मायेचा, हातभाराचा, माहितीचा आणि 'तुझं बरोबर चाललंय' असं सांगणारा. १९८५ मध्ये शेल्डन कोहेन आणि टॉमस विल्स यांनी वाद नेमका केला. आधार नेहमीच उपयोगी पडतो, की संकटाचा मारा झेलण्यापुरताच? त्यांचं उत्तर असं की दोन्ही खरं आहे, फक्त आधार वेगवेगळा मोजलेला असतो. हाउस यांची चौकट मला अजूनही सर्वांत कामाची वाटते. आपल्याकडे आजाऱ्याला माया भरभरून मिळते. नेमकी माहिती आणि 'तुझं बरोबर चाललंय' हा दिलासा मात्र बहुधा दुसऱ्या प्रत्यारोपिताकडूनच मिळतो.

दुसरी परंपरा समाजशास्त्राची. रेने फॉक्स आणि ज्युडिथ स्वेझी यांनी १९७४ पासून लिहिलेल्या पुस्तकांत दानाच्या जुलमाची गोष्ट सांगितली. अवयव ही फेडता न येणारी भेट आहे, आणि न फिटणारं देणं घेणारा, देणारा आणि त्यांची घरं यांना जखडून ठेवतं. अवयवदानाच्या आपल्याकडच्या भाषणांत दधीची ऋषी हटकून येतात, पण त्या कथेतही सगळं लक्ष देणाऱ्यावर. घेणाऱ्याने पुढे कसं जगावं, यावर आपल्या परंपरेने फारसं काही म्हटलेलं नाही. १९९२ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ पॉल रॅबिनो यांनी दाखवलं की एकाच जैविक अवस्थेतून नवे समूह जन्माला येतात. जात, गाव, भाषा वेगळी असली तरी चालते, निदान एक असलं की पुरे. डायलिसिस कक्षातलं ते गोत हेच.

तिसरी परंपरा रुग्णालयातली आहे आणि तिच्याबद्दल मला काळजी वाटते. अमेरिकेत आणि इतरत्र प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालण्याआधी 'या रुग्णाला कुटुंबाचा आधार आहे का' हे तपासलं जातं. स्टॅनफर्डमध्ये तयार झालेली आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली मूल्यमापनाची पद्धत यासाठी बरीच वापरली जाते. हेतू चांगला आहे. अवयव दुर्मीळ, तो वाया जाऊ नये. पण ज्याला आधार नाही त्याला अवयवही नाही, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. २०१८ मध्ये केरेन लॅडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अशा आधाराचा औषधं नियमित घेण्याशी ठाम संबंध दिसला नाही. हा निष्कर्ष आमच्यासारख्यांनी लपवू नये. सोबतीने क्रिएटिनिन उतरतं असा दावा हे पुस्तक करत नाही. मला त्या अभ्यासातून एवढंच कळतं की 'आधार आहे' आणि 'आधार नाही' अशा दोन खुणांत ही गोष्ट मावत नाही, आणि मावत नसेल तर तिच्या जोरावर कुणाला दारातून परत पाठवू नये. आधार नसेल तर तो उभा करायचा, तेही उपचाराचंच काम आहे.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं आणि व्यसनातून बाहेर पडलेला माणूसच दुसऱ्याचा हात सर्वांत चांगला धरतो, हे तिथे सिद्ध झालं. व्यसनी पुरुषांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट निघाला, तो तितकाच मोलाचा. स्किझोफ्रेनियाग्रस्तांच्या घरच्यांनी, पार्किन्सन्स झालेल्यांनी पुण्यात स्वतःची मंडळं काढली. प्रत्यारोपितांच्या बाबतीत मात्र आपली शक्ती अवयवदानाच्या प्रचारातच खर्च झाली. २००० च्या आसपास मुंबईत विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र आलं, पुढे पुणे, नागपूर, औरंगाबाद इथेही. अवयव मिळेपर्यंतची वाट त्यांनी बरीच नीट केली. पुढच्या वाटेवर दिवे कमी आहेत.

आता अमिरातीकडे येऊ, कारण हा प्रश्न इथे सर्वांत उघडा पडतो. अबू धाबीत पहिलं मूत्रपिंड प्रत्यारोपण १९८५ मध्ये झालं. १९९३ मध्ये पहिला कायदा आला, पण मेंदूमृत्यूची व्याख्या स्पष्ट नसल्याने मृत्यूनंतरचं अवयवदान जवळजवळ अडूनच राहिलं. खरं तर धर्माची बाजू त्याआधीच मोकळी झाली होती. इस्लामी न्यायशास्त्र परिषदेने १९८६ मध्ये अम्मानला मेंदूमृत्यू मान्य केला आणि १९८८ मध्ये जेद्दाला अवयवदानाला संमती दिली. २०१६ चा नवा कायदा आणि २०१७ ची मेंदूमृत्यूची अधिकृत व्याख्या यांनी चित्र बदललं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात क्लीव्हलँड क्लिनिक अबू धाबीत देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण झालं आणि २०१८ च्या सुरुवातीला फुप्फुस आणि यकृताचं. 'हयात' या राष्ट्रीय कार्यक्रमात आज कुठल्याही देशाचा रहिवासी अमिराती ओळखपत्रावर दाता म्हणून नाव नोंदवू शकतो. जुलै २०२१ मध्ये तर अमिराती आणि इस्रायल यांच्यातल्या कुटुंबांनी मूत्रपिंडांची अदलाबदल केली. दोन देशांत राजनैतिक संबंध जुळून तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

म्हणजे शस्त्रक्रिया आता इथेच होते, पूर्वीसारखं मुंबईला पळावं लागत नाही. पण अमिरातीतल्या पस्तीस लाखांहून जास्त भारतीयांचं इथलं राहणं नोकरीला बांधलेलं आहे आणि विमाही. अबू धाबीत मालकाने विमा काढण्याची सक्ती २००६ पासून लागू होत गेली. दुबईचा कायदा २०१३ चा. शारजा, अजमान, रास अल खैमासारख्या उत्तरेकडच्या अमिरातींत खासगी नोकरदारांसाठी ही सक्ती १ जानेवारी २०२५ पासून आली. हे मोठं पाऊल आहे. तरीही विम्याच्या कार्डावर वार्षिक मर्यादा लिहिलेली असते, आणि नोकरी गेली की व्हिसा, विमा आणि गोळ्या यांचा धागा एकदमच तुटतो. शरीर तर बारा-बारा तासांनी गोळी मागतच राहतं.

कुटुंब आणायचं तर पगार किमान ४,००० दिरहॅम हवा, किंवा राहण्याच्या सोयीसह ३,०००. म्हणजे अंथरुणाशी बायको असणं हे इथे पगारावर ठरतं. दुबईतल्या अल कुसैसच्या बेडस्पेसमध्ये (भाड्याने घेतलेल्या खाटेवर) किंवा सोनापूरच्या लेबर कॅम्पमध्ये राहणाऱ्या मराठी सुताराला प्रत्यारोपणानंतर निर्जंतुक ठेवलेली खोली कोण देणार? रुग्णालयाने विचारलं, 'घरी कोण आहे?', तर उत्तर खोलीतल्या सात-आठ जणांचं असतं. त्यांतले दोघे रात्रपाळीला जातात. एकाने सुट्टी टाकून त्याला मोसंबी आणून दिली, दुसऱ्याने गोळ्यांच्या वेळेचा गजर आपल्याही फोनवर लावला. मी वाचलेल्या साऱ्या शास्त्रात या गजराला जागा नाही. या पुस्तकात आहे, आणि मला ते त्याचं सर्वांत मोठं काम वाटतं.

मदत करायची पद्धतही इथे शिकून घ्यावी लागते. महाराष्ट्रात कुणाच्या ऑपरेशनसाठी व्हॉट्सॲपवर खाते क्रमांक फिरतो आणि दोन दिवसांत रक्कम जमते. अमिरातीत २०२१ च्या कायद्यानुसार परवानाधारक संस्थेलाच देणग्या गोळा करता येतात. चांगल्या मनाने केलेलं आवाहनही अंगाशी येऊ शकतं. संघटना स्थापायलाही परवाना लागतो. त्यामुळे इथले गट बहुतेक रुग्णालयाच्या छत्राखाली चालतात किंवा ओळखीपाळखीने. शारजात मूत्रपिंडरुग्णांच्या मित्रांची एक मान्यताप्राप्त संस्था आहे. भारत सरकारचा २००९ पासूनचा समुदाय कल्याण निधी आणीबाणीत उपयोगी पडतो, जन्मभराच्या औषधांना नाही. दुबई आणि अबू धाबीची महाराष्ट्र मंडळं गणेशोत्सव, दिवाळी पहाट, नाट्यप्रयोग यांत माणसं जोडतात. तिथेच कानोकानी कळतं की अमक्याचंही झालंय. मग दोघे जण कार्यक्रम सोडून पार्किंगमध्ये तासभर बोलत उभे राहतात.

कानोकानी, कारण उघड बोलायची भीती. कंपनीला कळलं तर करार पुढे वाढवतील का? गावी कळलं तर मुलीचं लग्न अडेल का? रजा 'पोटाचं ऑपरेशन' म्हणून घेतली जाते. या गुप्ततेचा दोष मी कुणाला देत नाही, पण ती सोबतीच्या मुळावर येते हे सांगायला हवं.

बायकांबद्दल वेगळं लिहायलाच हवं. भारतात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया असतात आणि घेणाऱ्यांत पुरुष कितीतरी जास्त. आई, बायको, बहीण देते. साताऱ्याहून किंवा चिपळूणहून विमानाने येते, पोटावर टाके घेते आणि काही आठवड्यांत परत जाते, कारण तिचा व्हिसाच तेवढा असतो. प्रत्यारोपितांचे गट निघाले, दात्यांचे फारच थोडे. अमिरातीतली मराठी बाई बहुधा एकाच वेळी दात्री असते, शुश्रूषा करणारी असते, आणि नवऱ्याची नोकरी गेली तर घर चालवणारीही. हाउस यांच्या चारही प्रकारचा आधार ती देते. तिला कोण देतं, हे या संग्रहातल्या बायकांनी स्वतःच विचारलं आहे, आणि तो भाग मी दोनदा वाचला.

मग हे पुस्तक आताच का? एक कारण कायद्याचं आणि विम्याचं, ते वर आलंच. दुसरं वयाचं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत आखातात आलेली मराठी पिढी आता साठीत आहे. मधुमेह आणि रक्तदाब यांनी त्यांची मूत्रपिंडं थकवली आहेत, आणि निवृत्तीनंतर पुणे-ठाण्याला परतताना त्यांना एक अवयव, एक फाइल आणि एक डॉक्टर मागे-पुढे करावा लागतो. इथली औषधाची कंपनी तिथे वेगळी, तिथली लॅब इथल्या आकड्यांवर विश्वास ठेवत नाही. अशा वेळी दोन्ही किनाऱ्यांवर पाय असलेलं सोबतीचं जाळं लागतं. तिसरं कारण असं, की मृत्यूनंतरच्या दानामुळे आता इथे एका देशाच्या माणसाचा अवयव दुसऱ्या देशाच्या माणसात जातो. रक्ताच्या नात्याबाहेरच्या या देण्याघेण्याबद्दल मराठीत जवळपास काही लिहिलेलं नाही.

संपादकांनी निवड करताना वैद्यकीय विजयगाथा टाळल्या आहेत, याचं मला समाधान आहे. ज्यांचा अवयव निकामी झाला आणि जे पुन्हा डायलिसिसच्या खुर्चीवर आले, त्यांनाही इथे जागा मिळाली आहे. नावं आणि कंपन्या बदलल्या आहेत. औषधाचं प्रमाण कुठेही दिलेलं नाही, ते आपल्या डॉक्टरांनाच विचारायचं. एखाद्या रुग्णालयाच्या समन्वयकाने हे पुस्तक प्रत्यारोपणाआधीच्या भेटीत रुग्णाच्या हाती दिलं, तर त्याचा खरा उपयोग होईल.

एक मतभेद मुद्दाम तसाच ठेवला आहे. मृत दात्याच्या घरच्यांना भेटावं की नाही, यावर दोन जणांनी लिहिलं आहे. भारतात आणि अमिरातीतही दात्याची ओळख गुप्त ठेवण्याचाच प्रघात आहे, तरी बातमीतली तारीख आणि रुग्णालय जुळवून अंदाज बांधता येतो. एकाला त्या आईसमोर जाऊन उतराई व्हायचं आहे. दुसऱ्याचं म्हणणं असं, की आपल्याला चालता-बोलता पाहून त्या घरच्या जखमेवरची खपली निघेल, आणि उद्या हा अवयव बंद पडला तर त्यांच्या माणसाचा दुसरा मृत्यू आपल्या हातून होईल. संपादकांनी मला यावर निर्णय द्यायला सांगितलं होतं. मी दोन्ही लेख शेजारी-शेजारी छापायला सुचवलं, आणि ते तसेच छापले आहेत.